कपाटात कोण?

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माझीच बाहेरची खोली आहे, पण मला ओळखू येत नाही. सोफा भिंतीला टेकवलाय, खिडक्यांचे पडदे कपड्यांच्या चिमट्यांनी बंद केलेत, दिव्याला लाल कागद गुंडाळलाय. खोलीला गोवर आल्यासारखं दिसतंय. आणि मधोमध, माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, दिग्दर्शक उभा आहे.

हा वरच्या मजल्यावरचा मुलगा. तान्हा असताना इतका रडायचा की सगळी इमारत त्याला भोंग्या म्हणू लागली, ते आजतागायत. काम अर्धवट सोडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पोहायला गेला, तो पायरीवरूनच परतला. चित्रकलेच्या वर्गात एक चेहरा नाकापर्यंत आला आणि वर्ग सुटला. आता कॉलेजात मीडिया शिकतो. गेल्या वर्षी फिल्मच दिली नाही म्हणून नापास झाला. बापाचं रंगाचं दुकान आहे. त्याने बजावलंय, यंदाही तेच झालं तर कॉलेज बंद, दुकानात बसायचं. फिल्म आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहे.

"आजी, तुम्ही नाटकात होता ना? एक म्हातारी हवीय," म्हणत तो सकाळी आला. भूमिका विचारली की मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना रोग.

फिल्म म्हणे सस्पेन्स. म्हातारी एकटी राहते, कपाटातून आवाज येतो, ती दार उघडते आणि किंकाळी फोडते. एवढंच. सकाळपासून मी त्या कपाटाकडे चालतेय. एकदा नुसते पाय, एकदा नुसती सावली, एकदा कॅमेरावाली मुलगी टेबलाखाली आडवी. आमच्याकडे तालमीला उशिरा येणाऱ्याची खैर नसे. इथे तालीम म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नाही.

"भोंग्या, कपाटात आहे कोण?"

"ते एडिटमध्ये ठरवू, आजी."

"म्हणजे तुलाच माहीत नाही?"

"सस्पेन्स आहे ना! कोणालाच माहीत नसतं."

"प्रेक्षकाला नसतं, गाढवा!"

"तुम्ही नुसतं घाबरा हो."

नुसतं घाबरा! मी रंगमंचावर सापाला घाबरलेय, सासूला घाबरलेय, दारुड्या नवऱ्याला घाबरलेय. सापापुढे पाय आपोआप उचलले जातात, नवऱ्यापुढे आवाज पोटात जातो. नुसतं घाबरायला मी काय पाल पाहिलेली पोर आहे?

बाकीच्यांना विचारलं. कॅमेरावाली म्हणाली, "प्रेत." आवाज सांभाळणारा चष्मेवाला म्हणाला, "जुळी बहीण. मी आवाजसुद्धा तिचाच केलाय." दिग्दर्शक मात्र आपलं नाव कुठल्या अक्षरात झळकावं ते मोबाइलवर निवडत होता. तेवढं एक पक्कं ठरलं होतं.

मी सोफ्यावर बसले. "कोण आहे ते कळल्याशिवाय उठणार नाही."

"आजी, प्लीज! वेळ संपत आलाय."

"अरे, प्रेत म्हण ना!" कॅमेरावाली ओरडली.

"प्रेत सगळेच दाखवतात."

"मग बहीण?"

"बहीण पण… नको."

"तुझ्या डोक्यात आहे तरी काय?"

"मूड," भोंग्या म्हणाला.

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "मूड बघून किंकाळी फोडणारी बाई वेड्यांच्या दवाखान्यात असते. खाली उतर. इकडे ये."

तो उतरला. स्टुलावरून उतरल्यावर अगदीच लहान दिसला. एवढा नालायक, पण चेहरा रडवेला झाला की अजून पाळण्यातलाच. मी आवाज खाली आणला. "माझं सोड. तू दार उघडलंस, तर आत कोण दिसल्यावर तुझी बोबडी वळेल?"

तो कपाटाकडे बघत राहिला. हा पोरगा विचार करतोय हे दृश्य मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. शेवटी इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "बाबा."

मी उठले, पदर खोचला, जागेवर जाऊन उभी राहिले. आता पायांना काहीतरी कळत होतं.

"करतायत काय तुझे बाबा? ओरडतायत?"

"नाही, आजी. काहीच बोलत नाहीयेत. नुसती दुकानाची किल्ली पुढे धरून उभे आहेत."