पाठीवरची माती

आठवीत शाळा सोडल्यापासून मला एकच काम नीट जमतं, कबड्डीत चढाईला आलेल्याचा घोटा धरणं. सांगलीकडच्या माझ्या गावात घोटा धरणारे गल्लीगल्लीत आहेत, त्यामुळं तिथं मला कोणी विचारत नव्हतं. विचारलं ते अहेरीजवळच्या एका गावाच्या संघानं. हंगामभर खेळायचं, मानधन घ्यायचं, राहणं-जेवण कप्तानाच्या घरी. दीड दिवस प्रवास करून उतरलो, तर बसस्टँडवर कप्तान स्वतः सायकल घेऊन उभा. माझी बॅग त्यानं मला उचलू दिली नाही. ते मी अजून विसरलो नाही. पण उपकाराखालच्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. आपण यांना नको झालो तर जायचं कुठं, हे सारखं मनात असायचं.

कप्तान तळ्यात मासे धरायचा. त्याच्या बायकोला गाव बाई म्हणायचं, मीही म्हणायचो. दोघं चांगलं बोलायची, पण पाहुण्याशी बोलतात तसं. माझं "काय रं" ऐकून गल्लीतली पोरं हसायची. मग मी कमी बोलायला लागलो.

इथली रीत कप्तानानं पहिल्याच सरावात सांगितली होती. ज्याला धरून पाडलं, त्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीवरची माती आपल्या हातानं झाडायची. तोवर पंच गुण देत नाही. जिंकलं तरी हरलेल्यांची गाडी तळ्याची पाळ ओलांडेपर्यंत ढोल वाजवायचा नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हाताऱ्यांची हौस. मोबाईलवर मोठमोठे खेळाडू मांड्या ठोकतात, बोटं नाचवतात. आमच्याकडं तर शड्डू आणि चार शब्द हाच निम्मा खेळ.

उपांत्य सामना तळ्यापलीकडच्या गावाशी पडला. त्यांच्या चढाईवाल्यानं मला दोनदा बाद केलं होतं. शेवटी शेवटी त्याचा घोटा माझ्या हातात सापडला. तो उताणा आपटला. मी त्याच्यावर वाकून मांडीवर थाप मारली.

"काय रं, गोड लागली का माती?"

आणि दोन्ही हात पसरून गर्दीकडं वळलो. शिट्ट्यांची वाट बघत होतो. एवढी माणसं जमलेली, पण आवाज फक्त कुणाच्या तरी कडेवरच्या मुलाच्या रडण्याचा.

तो आपला आपण उठला आणि पाठभर माती तशीच घेऊन रेषेबाहेर गेला. पंचानं हात वर केला नाही.

"गुण माझा हाय!" मी ओरडलो.

"कोणता गुण?" पंच म्हणाला. "पाठ पाह्य त्याची."

कप्तानानं माझं कोपर धरलं. "चूप राह्य भाऊ. बाहेर बस."

आम्ही एका गुणानं हरलो.

घरी कोणी रागावलं नाही, तेच वाईट होतं. बाईनं संध्याकाळी रोजच्यासारखा भात वाढला, रस्सा वाढला, माशाचं डोकं माझ्याच ताटात टाकलं. "घे ना भाऊ." कप्तान ताटाकडं बघून जेवत राहिला. मी परत जाऊ का, असं विचारायचं होतं. तो हो म्हणाला असता तर? आईचा फोन आला, "जिंकलास का रं?" रेंज नाही असं सांगून मी तो ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांनी मिळून तळ्यात मोठं जाळं ओढायचं होतं. उजाडताच कप्तान गेला. मी बॅग भरली.

"कुठी चालला?" बाईनं चुलीपासून विचारलं.

"बस बघून येतो."

तिनं बॅगेकडं बघितलं.

बसचा रस्ता पाळीवरूनच जातो. खाली कमरेएवढ्या पाण्यात कप्तान आणि तो चढाईवाला एकाच दोराला लागून उभे होते, काहीतरी बोलत हसत होते. पंच काठावर टोपली धरून बसलेला. मी मान खाली घालून चालत राहिलो.

"ओ सांगलीवाले भाऊ! कुठी निघाला?" चढाईवाल्यानं हाक मारली.

"गावाकडं."

"काऊन?"

मी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बस दुपारी बी आहे. इथी माणूस कमी पडून राह्यला. दोर धर ना."

कप्तान नुसता बघत होता. मी बॅग पाळीवर ठेवली, पाण्यात उतरलो आणि चढाईवाल्याच्या मागं दोर धरला. त्याच्या पाठीवर चिखल उडाला होता. मी तळव्यानं तो पुसायला लागलो.

"हे काय करून राह्यला?"

"कालची राहिली होती."

"काल त घरी जाऊनच धुतली मी." मग पंचाकडं वळून मोठ्यानं, "पंचभाऊ, तुमी नाई पाह्यलं ना? नाई त आता गुण द्यान याले!"

काठावरचे सगळे हसले, पंचसुद्धा. कप्तान हसला नाही. दोर ओढता ओढता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "घरी तुया वाटचा भात शिजून राह्यला."

दुपारची बस पाळीवरून गेली, तेव्हा मी पाण्यातच होतो. ते एकमेकांच्या खोड्या काढत होते, खिदळत होते. त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. कोणाला विचारावं असंही वाटेना. मी दोर तेवढा घट्ट धरून ठेवला.