यमकासाठी सरकलेलं हृदय

जगानं डोळे मिटून मान्य केलेल्या प्रत्येक गोष्टीवर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा संशय होता. चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर गाडी वेळेवर असल्याची घोषणा झाली, की सगळे पिशव्या उचलत. सर मात्र फलाटाच्या टोकाशी जाऊन सिग्नल पाहून येत. स्टाफरूममध्ये कुणी ‘चहात साखर आहे’ म्हटलं तरी ते आधी घोट घेत आणि मगच मान डोलवत. अशा माणसाच्या वर्गात मोठा टीव्ही बसला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्याच्या मागे जाऊन पाहिलं.

पहिला व्हिडिओ बी रुजण्याचा होता. डोळ्यांदेखत दाणा फुटला, कोंब आला, पानं आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी व्हिडिओ थांबवला. “तुमच्या वावरात असं झटक्यात उगवते काय रे? मंग याच्यात काहून उगवलं?” मुलांनी ताटल्यांत ओला कापूस पसरून हरभरे ठेवले आणि ते रुजेपर्यंत टीव्हीवर कापड पडलं. हेडमास्तर विचारायला आले, “टीव्ही बंद काहून आहे?” सर म्हणाले, “हरभरे उगवून राहिले, सर. टीव्हीले जरा थांबा लागते.”

त्याच वर्षी विज्ञान गाण्यांतून शिकवायचं ठरलं. मी मराठीची बाई, म्हणून गाणी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटायचं, सर जळतात माझ्यावर. कारण माझी प्रत्येक ओळ ते पोलिसासारखी तपासायचे. रक्ताभिसरणाचं गाणं मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं.

“मॅडम, हृदय पार डाव्या कुशीत असते, हे तुमाले कोनं सांगतलं?”

“सर, ‘कुशीत’ला ‘खुशीत’ जुळतं ना!”

“यमकासाठी तुमी हृदय सरकवून राहिल्या काय?”

शेवटी ओळ झाली, ‘छातीच्या जवळजवळ मधोमध, किंचित डावीकडे कललेलं’. ही कुठल्या चालीत बसणार? अमरावतीच्या प्रदर्शनात आमची मुलं झकास गात होती. नेमकी त्या ओळीपाशी सगळी ठेचकाळली. परीक्षक हसले, नंबर गेला. परतीच्या एसटीत मुली रडत होत्या. सर शांतपणे म्हणाले, “नंबर गेला तं जाऊ द्या. हृदय जाग्यावर हाये.” मी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सर निवृत्त होऊन मुलाकडे अकोल्याला गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्याचं कळलं, तेव्हा राग कुठला राहतो? मी भेटायला गेले. सर सोफ्यावर बसले होते आणि शेजारी बसलेली नात मोबाइलवर गाणं पाहत होती. सूर्य म्हणजे पिवळाधमक जाळ, लाकडासारखा पेटलेला, असं काहीतरी त्यात चाललं होतं. मी सरांकडे पाहिलं. आता थांबवतील, मग थांबवतील. गाणं संपलं. “छान हाये,” सर म्हणाले.

नात पाणी आणायला आत गेली. मी हळूच विचारलं, “सर, ते लाकडासारखं...?”

“चूक हाये, मॅडम. सारं समजते मले.” त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. “पन मी थांबवलं का पोरगी उठून जाते. गानं चालू असते, तवाच माह्याजवळ बसते.”

नात पाणी घेऊन आली. तिनं पुढचं गाणं लावलं, आणि सर सरकून तिच्या शेजारी नीट बसले.