धाकटीच्या हातचं औषध
परवा अंधेरीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणीतरी अ‍ॅसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली उघडली आणि त्या पेपरमिंटच्या वासाने मला आमचं दिंडोशीचं घर आठवलं. बाबांना तेव्हा जेवल्यावर छातीत जळजळायचं, आंबट पाणी घशाशी यायचं. डॉक्टरांनी ते औषध जेवणानंतर घ्यायला सांगितलं होतं. मी रोज बाटली हलवून, चमचा भरून त्यांच्यापुढे धरायचे आणि ते तोंड फिरवायचे. ‘खडू खाल्ल्यासारखा लागता,’ म्हणायचे. एका रविवारी चेंबूरहून धाकटी बहीण आली. बांगड्याचं तिखट कालवण जेवून बाबा छाती चोळू लागले, तशी तिने बाटली उचलली, नीट हलवलीसुद्धा नाही, चमचा भरला आणि म्हणाली, ‘बाबा, आ करा.’ त्यांनी लहान मुलासारखा आ केला, वर ओठ पुसत हसले. ‘बघ, माझं ऐकतात ना,’ ती मला म्हणाली. माझा असा जळफळाट झाला की ती जाईपर्यंत मी ओट्यापाशी भांडीच घासत राहिले. ती गेल्यावर मात्र बाबांना विचारलंच, ‘तिच्या हातचं गोड लागतं का?’ ते म्हणाले, ‘ती घटकाभर इलेली, तिका नाय कसा म्हणू? नाय म्हणूक माका तू असस.’ आता बाबा नाहीत. नाही म्हणायला त्यांना हक्काची मीच होते; त्या बोलण्यात माया होती, हे मला कळतं. तरी बहिणीचा हेवा काही गेलेला नाही; एकदा तरी माझ्या हातून त्यांनी ते मुकाट्याने घ्यायला हवं होतं.