एनिडच्या अंगणातला घाणा

इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या आमच्या गावात विल्फ हेम्ब्रोनं चाळीस वर्षं टपाल वाटलं, आणि दर दाराशी पत्रासोबत दहा मिनिटं गप्पाही वाटल्या. सख्ख्या बहिणीच्या दारात मात्र त्याची दातखीळ बसायची. कारण बापाचा सफरचंदं पिळायचा मळसूत्री घाणा एनिडनं अंगणात मांडला होता आणि त्यात चक्क जिरेनियमची फुलं लावली होती!

नोकरी संपल्यावर त्यानं धीर करून घाणा मागितला.

एनिड म्हणाली, "ने. पण ऑक्टोबर संपायच्या आत रस काढून दाखव. नाही जमलं, तर माझा घाणा परत माझ्या अंगणात."

उन्हाळाभर विल्फ घाण्याला चिकटला. माती खरवडली, कुजक्या फळ्या काढून ओकच्या नव्या बसवल्या, अख्खं मळसूत्र डुकराच्या चरबीनं न्हाऊ घातलं. त्याची बायको डल्सी म्हणायची, "लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतंस!"

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस उजाडला. गव्हाचं लांब काड, त्यावर ठेचलेल्या सफरचंदांचा लगदा, पुन्हा काड, असे थर रचत विल्फनं ढीग उभा केला. एनिड नवी टोपी घालून समोर खुर्चीत बसली, परीक्षा घ्यायला साहेब बसावा तशी. झालं! विल्फला चेव चढला. त्यानं मळसूत्राचा दांडा धरून गरागरा फिरवला. ढीग बाजूनं फुटला आणि लगदा फाटकन एनिडच्या टोपीवर.

"वा रे विल्फ्या! बाबा असा ओढायचे?"

"घाई तूच लावलीस!"

"मी? मी तर नुसती बसलेय. कुत्रा मागं लागल्यासारखा तूच पळतोयस."

आता ही उठून गेली की घाणाही गेला. विल्फचा चेहरा पडला. एनिडनं टोपी झटकली आणि बाह्या वर सारल्या.

"रच पुन्हा. काडाची टोकं आत दुमडायची, तेच विसरलास. आणि एक वेढा दिला की बसायचं. पाव-चीज खायचं. बाबा तेवढ्यात एक गोष्ट सांगायचे."

मग तसंच चाललं. एक वेढा, दोन घास, बापाची एक आठवण. बाबांनी पाद्रीबुवांना आंबलेल्या रसाचा कडक सायडर पाजल्याची हकिगत एनिडनं सांगितली. तीच विल्फनं निराळीच सांगितली. खरी कुणाची, यावर दोघं असे भांडले, की घाण्याकडे कुणी बघेना.

डल्सी ओरडली, "अरे, बादली बदला! भरून वाहतेय!"

तपकिरी, दाट, गोड रस. एनिडनं पेला भरून तोंडाला लावला, डोळे मिटले. विल्फ पुढं सरकला.

"मग? घाणा?"

"रस निघाला ना? तुझा." तिनं दुसरा पेला भरला. "पण माझ्या झाडांच्या सफरचंदांची सहा पोती पडलीत. उद्या आठला येते. दांडा मी ओढणार, तू गोष्टी सांग."