टायरवर ठेवलेला पाय

मानपाड्याच्या टायरच्या दुकानात मी स्कूटरचा मागचा टायर बदलायला गेलेले. दारात दोन दरवाजांची, बसकी, महागडी परदेशी गाडी उभी होती. शेजारी धोतर नेसलेले, सत्तरीचे एक गृहस्थ. मला वाटलं, वॉचमन असावेत.

सेल्समन त्यांना चाकं दाखवत होता. "काका, ही एकवीस इंची घ्या. काळी, चकचकीत. लोक वळून बघतील."

काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. एकेक टायर उभा धरायला लावला, चप्पल काढली आणि अनवाणी तळवा रबराच्या नक्षीवर दाबून घासला. तळवा पांढरट, भेगाळलेला. तिसऱ्या टायरला थांबले. "ह्यो."

सेल्समन हसला, तसे म्हणाले, "चाक दिसाला नाय, धराला पायजे. मिठागराच्या बांधावरून डोईवर मिठाची पाटी घेऊन वीस वरसं चाललोय. पाय कवाच सरकला नाय."

चाकंही त्यांनी लहान, साधी राखाडी निवडली. चाक लहान असलं की भोवती रबर जाड बसतं, आपल्या रस्त्यांना तेच हवं, म्हणे.

"एवढी पॉवरफुल गाडी, चालवतो कोण? मुलगा?" सेल्समनने विचारलं.

"पोरगा भितो," काका म्हणाले.

चाकं बसल्यावर त्यांनी चपला सीटमागे ठेवल्या आणि अनवाणी पायाने गाडी काढली. समोर टँकरचं पाणी सांडलेलं. त्यातून ती ताठ निघून गेली.

मग सेल्समन माझा टायर घेऊन आला. मी आधी सँडल काढली.