येळवशीच्या दिवशी रिकामी झालेली गल्ली

किनवटच्या स्टेशनावर आम्हाला सोडायला अर्धं गणगोत आलं होतं, आणि प्रत्येकानं काही ना काही बांधून आणलं होतं. मावशीनं मोहाची वाळलेली फुलं आणली, शेजारच्या काकूनं चारोळी, आणि किसनमामानं, माझ्या मायच्या धाकट्या भावानं, पिकलेल्या टेंभरांची टोपली. दादा, म्हणजे माझे वडील, ओशाळून म्हणत होते, "अरे, लातूरला बाजार भरतोच की." मामा म्हणाला, "भरत असंल. टेंभरं न्हाई भेटायची." आणि टोपली खिडकीतून आत ढकलली.

गाडी सुटली तेव्हा माय रडली नाही. इंजिनाकडं पाठ करून बसली, म्हणजे गाव जास्त वेळ दिसतं. सागाची झाडं मागं पडत गेली, नदीचं वळण गेलं, तरी ती तशीच बसून. रडली ती नांदेडच्या बसस्टँडवर. लातूरच्या यष्टीत चढताना टोपली उलटी झाली आणि टेंभरं सगळ्या फलाटभर घरंगळत गेली. अनोळखी माणसं वाकून वाकून वेचून देत होती, मी आणि माझी धाकटी बहीण वैशू हसत पळत होतो, आणि माय मधोमध खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. मी नऊ वर्षांची होते. फळं तर सगळी सापडली, मग ही का रडते, हे मला कळेना.

आज हे मी लीड्समधून लिहितेय. बाहेर पावसाची भुरभुर आहे आणि हीटिंग लावलेलं आहे. वैशू, तू नांदेडला आहेस. मामाची पोरं कुणी किनवटला, कुणी हैदराबादेत. आपण सगळे एका ग्रुपवर रोज फुलांचे फोटो पाठवतो, पण ज्या गोष्टी आपल्याला एकमेकांना सांगाव्या लागत नव्हत्या, त्याच आपल्या मुलांना माहीत नाहीत. म्हणून लिहून ठेवते.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, आणि दादा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी आपण होऊन लातूर मागून घेतलं. का, तर तिथं मोठी शाळा आहे, पोरी शिकतील. आपल्या समाजातून पहिल्या पिढीत शिकलेला तो माणूस. शाळा म्हटलं की दादांचा आवाजच बदलायचा. जिल्ह्याची नवी कचेरी तेव्हा अजून मांडली जात होती. कपाटं येत होती, दारावरच्या पाट्यांचा रंग ओला होता. एका रविवारी दादा आम्हाला घेऊन गेले आणि पाटी बोटानं वाचून दाखवली, जसं काही ती त्यांनीच लिहिली होती. वॉचमननं आम्हाला साहेबांच्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसू दिलं. वैशू इतकी फिरली की घरी येईपर्यंत तिला रस्ता वाकडा दिसत होता. त्या वर्षातलं आमचं सर्वांत मोठं सुख ते.

मायला मात्र लातूर आवडलं नाही. झाडं कुठायत, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि नंतर रोज म्हणत राहिली. आम्ही एका लिंगायत किराणा दुकानदाराच्या वाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. उंच, सावळी बाई. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जावा. आम्ही बौद्ध आहोत हे दादांनी खोली घेतानाच सांगितलं होतं. दुकानदार अप्पा क्षणभर थांबले होते आणि मग म्हणाले होते, "सरकारी माणूस हाव तुम्ही. ऱ्हावा."

दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि वाड्यातला हापसा वीस वेळा हापसल्यावर एक धार द्यायचा. आम्हा पोरींना त्याचं काही वाटत नव्हतं. नंबरात लावलेल्या घागरींच्या सावलीत सागरगोटे खेळायचे, नंबर आला की ओरडायचं. घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची, त्याच पाण्यात कपडे भिजवायचे आणि उरलेलं तुळशीला नाहीतर जास्वंदीला घालायचं, हेही खेळासारखंच होतं. मायला जमत नव्हतं. तिचा जन्म पैनगंगेच्या काठावरचा. एका सकाळी तिनं घागर विसळली आणि ते तांब्याभर पाणी सवयीनं अंगणात फेकलं.

अव्वा ओसरीवरून कडाडली. "अवं बाई, कुठल्या गावच्या तुम्ही? पाणी असं सांडत्यात व्हय?"

"आमच्या गावात नदी हाय!" माय म्हणाली.

"मग नदीवरच ऱ्हायचं हुतं की!"

नंबरातल्या बायका हसल्या. माय आत आली, दार लावलं. त्या दिवसापासून दोघी बोलेनाशा झाल्या. एकाच अंगणात दोन बाया, आणि निरोप आमच्या तोंडून. "तुझ्या मायला सांग, दोरीवरचे कपडे काढ म्हणावं." "त्यांना सांग, काढून राहिली म्हणावं." आमच्या त्या 'करून राहिले, जाऊन राहिले'वर शाळेत सगळे हसायचे. तिथं मुली 'काय करायलीस' म्हणायच्या. वैशू एकदा एका मुलीच्या वेण्या ओढून आली आणि दादांना म्हणाली, "मी मारून राहिले होते आन ती रडायली होती." दादा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. माय हसली नाही. तिनं ठरवून टाकलं होतं. परीक्षा झाल्या की पोरींना घेऊन किनवटला जायचं ते परत यायचंच नाही. दादांनी एकट्यानं करावी नोकरी. हे तिनं मामाला पत्रात लिहूनही टाकलं होतं. पत्र मीच लिहिलं होतं, ती सांगेल तसं.

मग येळवस आली. डिसेंबरातली ती अवस, वेळ अमावास्या, लातूरकडं सगळ्यांत मोठा सण. आम्हाला किनवटला त्याचा पत्ताही नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही त्या सुमारास मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो. या वर्षी सकाळी माय भाजीला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. "अवं, गावात माणूसच न्हाई!" खरंच नव्हतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, कुत्रीसुद्धा कुठं गेली कोण जाणे. जो तो गाडीबैल जुंपून, सायकलवर, पायी आपापल्या रानात गेला होता. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात. आम्हाला बोलावणारं कुणी नव्हतं. दादा पेपर वाचल्यासारखं करत बसले. वैशूनं मधल्या रस्त्यात जाऊन जोरात हाक मारली, तर तिचाच आवाज परत आला. आधी आम्हाला मौज वाटली, मग नाही वाटली.

माय चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "बघितलं? ह्या गावात आपण मेलो तर कळणार न्हाई कुणाला."

तेवढ्यात गल्लीत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. अव्वाची गाडी. सकाळी गेलेली गाडी अर्ध्या वाटेतून वळवून आणली होती. गाडीवान तसाच बसून, आणि अव्वा एकटी खाली उतरून आमच्या दारात उभी. त्या भांडणानंतर पहिल्यांदा ती सरळ मायशी बोलली.

"चला."

"कुठं?"

"रानात. येळवशीला गावात कुणी ऱ्हात नस्तंय. अर्ध्या वाटंला गेले आन ध्यानात आलं, वाड्यात माणसं हायत."

माय उठली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आम्ही कोण हाव ते ठावं हाय ना तुम्हाला? रानात तुमची भावकी असंल."

"हाय. आन आम्ही पूजा करताव, तुम्ही नका करू. जेवायला काय हुतंय?" मग पदर खोचत, "त्या दिशी पाण्यावरून मी जास्तच बोलले. उठा आता, बैल उभे हायत."

दादांनी पेपर घडी करून ठेवला. माय उठली आणि पातळ बदलायला आत गेली.

रान गावापासून तासाभरावर. पावसानं दगा दिलेला, ज्वारी गुडघ्याएवढीच, पण कडब्याची खोप उभारली होती आणि आत पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडले होते. एकानं मातीच्या मडक्यातली आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी घातली. पीक येवो न येवो, आज रानाला जेवू घालायचं. माय आणि दादा बाजूला बाभळीखाली उभे राहिले. मग जेवण. वाल, तूर, हरभरा, मटार, पालेभाजी सगळं बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि ताकातली आंबट गार आंबील. इतकं चांगलं मी त्याआधी काही खाल्लं होतं असं मला आठवत नाही.

पण पंगत बसताना अव्वाच्या मोठ्या दिरानं आमची पानं खोपीबाहेर, जरा अंतरावर मांडली. नुसतं बोटानं दाखवलं. दादांचा चेहरा मी पाहिला. मायनं माझा हात धरला. मला वाटलं, आता आपण चालत परत जाणार. अव्वा खोपीत वाढत होती. तिनं पाहिलं. वाढणं सुनेच्या हातात दिलं, स्वतःचं पान उचललं, आणि आमच्या ओळीत मायच्या शेजारी मांडी घालून बसली. "इथं ऊन चांगलं हाय," म्हणाली. थोड्या वेळानं अप्पाही आपलं पान घेऊन आले, मग सून, मग पोरं. दीर खोपीतच जेवले. एकटे.

 परतताना गाडीत मायनं अव्वाला विचारलं, "भज्जीला चिंच आधी घालायची का नंतर?" अव्वा म्हणाली, "शेवटाला. आधी घातली तर दाणं शिजत न्हाईत." वाट संपेपर्यंत दोघी भज्जीवरच बोलत होत्या.

परीक्षा झाल्या. आम्ही किनवटला गेलो, नदीत डुंबलो, टेंभरं खाऊन तोंड तुरट करून घेतलं, मामाच्या सायकलवर तिघं-तिघं बसून पडलो. जून आला, आणि मायनं न सांगता ट्रंक भरायला घेतली. मामानं विचारलं, "काय गं, पत्रात तर लिवलं होतं?" माय म्हणाली, "पोरींची शाळा हाय ना." पुढची सगळी वर्षं तसंच चाललं. उन्हाळा किनवटचा, बाकी सगळं लातूरचं. मोठ्या दिरांनी नंतर कधी आमची पानं वेगळी मांडली नाहीत. आपलंसं करून बोललेही नाहीत. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

मी नांदेडला नर्सिंग केलं, मग मुंबईत नोकरी, मग इथं. इथल्या वॉर्डात मी म्हाताऱ्या माणसांना उठवते, बसवते, ड्यूट्यांचा रोटा लावते, आणि चुकून कधी "अवं आजी" म्हणून जाते. दादा गेले. अव्वाही गेली. आता तिची नातवंडं येळवशीला मायलाच विचारायला येतात, भज्जीला काय काय लागतं म्हणून.

मागच्या हिवाळ्यात मी लातूरला गेले तेव्हा मायला किनवटला घेऊन गेले. वाटलं, तिला तिचं गाव दाखवावं. मामाचं नवं घर, नदीचा पूल, सगळं ती कौतुकानं पाहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "सुजे, चल आता. घरी जाऊ. झाडांना पाणी घालायचं ऱ्हायलंय." मामा हसून म्हणाला, "हे काय मग, घर न्हाई?" माय म्हणाली, "हे बी हाय. पण मी राहून राहिली तिकडं."

बस नांदेडच्या पुढं निघाली तेव्हा लीड्सहून माझ्या मुलीचा फोन आला. माझी परतीची फ्लाइट दोन दिवसांवर होती. ती विचारत होती, आई, घरी कधी येतेस? मी म्हणाले, "सोमवारी येते घरी." फोन ठेवला आणि मला कळलं, माय शेजारी बसून ऐकत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, सारवासारव करायची होती.

मायनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "हाव, जायचंच की," ती म्हणाली. "पोर वाट पाहून राहिली ना." आणि पिशवीतून चारोळीची पुडी काढून माझ्या पर्समध्ये घातली.