नीतिशास्त्राची तीन व्याख्यानं

ज्या एका खऱ्या बोलण्याची मला अजून लाज वाटते, ते मी सोलापुरात, मुलींच्या एका शाळेच्या ऑफिसात बोलले.

एकोणीसशे तीस साल अजून उजाडायचं होतं. पुण्याहून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेली मी चोवीस वर्षांची अविवाहित बाई, माझ्या शिक्षणाचा मला भारी अभिमान. नोकरी कायम व्हायला दोन वर्षं काढावी लागत. त्यातली पावणेदोन मी काढली होती.

शाळेत एक मावशी होती. मुलींना घरून गोळा करून आणायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं, हे तिचं काम. त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी एकटी रस्त्याने धाडायला आया तयार नसत, मावशीच्या हाती धाडत. विणकरांच्या गल्लीत ती तेलुगूत हाक मारी, पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या दारात कानडीत, आमच्याशी मराठीत बोले. उन्हाळ्यात सकाळी सातलाच रस्ता तापे. पायात काही न घालता ती पस्तीस-चाळीस मुलींची रांग घेऊन फाटकात येई, आणि एखादी कमी असली तर मास्तरणीच्या आधी तिला कळे.

एका दुपारी ती एक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. "बाई, तेवढं वाचून दावा की." चिठ्ठी तिच्या भावाची होती, गिरणीत काम करणाऱ्या कुणाच्या तरी हाती आलेली. आई अंथरुणाला खिळली आहे, पण तू येऊ नकोस, आलीस तर परत सोडणार नाहीत, असं लिहिलं होतं.

"कुठून सोडणार नाहीत?" मी विचारलं.

तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "सेटलमेंटातनं."

गावाच्या कडेला तारेच्या कुंपणात सरकारने काही जमातींची माणसं ठेवली होती. जन्मानेच चोर ठरवणारा कायदा होता. आत रोज हजेरी, बाहेर पडायला पास. मावशी तिथेच वाढलेली. तरुणपणी पळून गेली, मोहोळच्या एका गवंड्याशी संसार केला, तो वारल्यावर इथे आली आणि मोहोळची म्हणून नोकरीला लागली. आई आत होती, म्हणून तिला हेच गाव हवं होतं.

"तू कधी चोरी केली होतीस का?" मी विचारलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पर तुमीबी इचारलंतच."

मी कुणाला सांगणार नाही असं म्हटलं. तिने मागितलं नव्हतं, मीच म्हटलं.

त्याच सुमारास बायकांच्या एका मंडळाने मला नीतिशास्त्रावर बोलायला बोलावलं. तीन शनिवार दुपारी, आमच्याच शाळेच्या दिवाणखान्यात. पहिल्या शनिवारी मी कर्तव्याचा विचार सांगितला. परिणाम काय होईल ते बघायचं नाही, सगळ्यांनी पाळावा असा जो नियम तोच आपण पाळायचा. दुसऱ्या शनिवारी पुष्कळांच्या पुष्कळ सुखाचा. तिसऱ्या शनिवारी शीलाचा: एकेक कृती तोलत बसू नका, माणूस कसा आहे ते बघा. उदाहरण मी एकच घेतलं होतं. सासू वाचणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि सासूने विचारलं, तर सुनेने काय सांगावं? "सासू कशी आहे त्यावर आहे," एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मावशी सतरंज्या घालून दाराशी बसे. तिसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळताना तिने विचारलं, "बाई, तिनातलं खरं कुठलं?"

"तसं एक कुठलं सांगता येत नाही," मी म्हटलं. "परीक्षेत तिन्ही मांडायचे, आणि आपल्याला कुठलं पटतं ते शेवटी लिहायचं."

"अस्सं व्हय," ती म्हणाली आणि सतरंजी काखेत मारून गेली. उत्तर फार छान दिलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढच्याच महिन्यात सेटलमेंटातल्या एका कारकुनाची बायको मुलीचं नाव घालायला आली. तिने फाटकात मावशीला पाहिलं, ओळखलं आणि मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. मोठ्या बाई होत्या, कमिटीचे सेक्रेटरी म्हणून काम बघणारे एक वकील होते, आणि कमिटीवरच्या एक वयस्क बाई, ज्या माझ्या तिन्ही व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"ती तुमच्याशी बोलते," मोठ्या बाई म्हणाल्या. "सेटलमेंटातली आहे का ती?"

मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. तिलाच बोलावून विचारा, असंही म्हणता आलं असतं. मी "हो" म्हटलं.

खरं बोलणं कर्तव्य होतं म्हणून बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण मला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात कमिटीपुढे यायचा होता, आणि "हो" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे तोच कागद होता.

वकील म्हणाले, "कायदा तो कायदा. एकीला सवलत दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. पोलिसांना कळवणं आपल्याला भाग आहे."

मोठ्या बाईंचे डोळे खरोखरच भरून आले होते. "मला तिचं फार वाईट वाटतं हो. पण हे बाहेर फुटलं तर निम्म्या मुली काढून नेतील. एका बाईपायी इतक्याजणींचं शिक्षण बुडवायचं?"

वयस्क बाई म्हणाल्या, "स्वभावाने वाईट नाही ती. पण इतकी वर्षं आपल्याशी खोटं बोलली. शील म्हणून काही आहे की नाही?" आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीच परवा किती छान सांगितलंत."

ज्या विचारांतला फरक समजावण्यात मी तीन शनिवार घालवले होते, ते पाच मिनिटांत एका निर्णयावर आले. तिघांचीही भाषा शुद्ध होती. मला त्यात एकही चूक काढता आली नाही, आणि मी काढायला गेलेही नाही. मावशी त्या वेळी बाहेर पाण्याच्या पिंपाशी मुलींना ओळीने पाणी देत होती.

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तुमी सांगितलंसा व्हय?"

"मला खोटं बोलता आलं नाही, मावशी."

"मला कुटं येत हुतं?" ती म्हणाली. "शिकावं लागलं."

तिने पदराला हात पुसले. संध्याकाळी मुलींना तिने नेहमीसारखं घरोघर पोचवलं. दुसऱ्या सकाळी पोलीस शिपाई तिला घेऊन गेले.

मी कायम झाले. मावशीच्या जागी एक म्हातारा गडी आला. विणकरांच्या आया पोरींना त्याच्याबरोबर धाडायला तयार होईनात. दिवाळीपर्यंत त्या गल्लीतल्या बहुतेक मुलींची नावं पटावरून गेली. एक फार हुशार होती, तेलुगू घरातली, माझ्या वर्गातली. तिला घरच्यांनी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. मोठ्या बाईंचा हिशेब असा चुकला, पण त्याबद्दल कमिटीत कुणी अवाक्षर काढलं नाही.

वर्षभराने मी सेटलमेंटात गेले. फाटकावरच्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" मी "शाळेतली" म्हटलं. मावशी बाहेर आली. पार वाळली होती. ती आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात आई गेली, तेवढे दिवस तरी मिळाले, म्हणाली. माफी मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून आणली होती. तिने मला त्यातलं एकही बोलू दिलं नाही. तिला शाळेचं ऐकायचं होतं. एकेका मुलीची चौकशी करता करता ती त्या हुशार पोरीवर आली.

"ती येती न्हवं साळंला?"

"येते," मी म्हटलं. "पहिली आली यंदा."

मावशी इतकी हसली की तिच्या पडलेल्या दाढांची जागा दिसली. मागे उभ्या असलेल्या बाईला तिने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, हात उंचावून पोरीची उंची दाखवली, आणि ती बाईही माझ्याकडे बघून हसली. मग हजेरीची घंटा झाली आणि दोघी आत गेल्या.